मधुमेहात डोळ्याचा पडदा कसा जपावा : मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि वर्षाची तपासणी

जळगाव, धुळे वा नंदुरबार जिल्ह्यात मधुमेहाच्या रुग्णाला डोळ्याचा पडदा तपासून घेण्यास सांगितले, की पुष्कळदा एकच उत्तर ऐकू येते : "माले चांगलं दिसस, मंग कसाले जाऊ?" हे उत्तर प्रामाणिक असते आणि धोका त्यातच आहे. मधुमेहाने पडद्यावर होणारी हानी दृष्टीला धक्का न लावता वर्षानुवर्षे वाढत राहते. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवणाऱ्या माणसाच्या पडद्यावरही रक्तस्रावाचे ठिपके आणि नव्याने फुटलेल्या नाजूक वाहिन्यांचे जाळे सापडते. म्हणून तपासणीची वेळ दिसण्यावर ठरवू नये, ती दिनदर्शिकेवर ठरवावी. ती कशी ठरवावी, तपासणीत काय करून घ्यावे, हाती आलेला कागद कसा वाचावा आणि पुढचे उपचार शेतीच्या धबडग्यात कसे सांभाळावेत, हे येथे मांडले आहे.

पडद्यात नेमके काय बिघडते

डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. त्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी आहेत, त्यांचे संदेश पुढे नेणाऱ्या मज्जापेशी आहेत आणि या सर्वांना सांभाळणाऱ्या आधारपेशीही आहेत. या ऊतीला प्राणवायू फार लागतो. पडद्याच्या आतल्या थरांना तो पुरवणाऱ्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर पेरिसाइट नावाच्या पेशी बाहेरून घट्ट बसलेल्या असतात आणि शरीरात अन्यत्र क्वचितच आढळावे इतके त्यांचे प्रमाण येथे दाट असते. रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली, की या पेरिसाइट मरू लागतात, वाहिनीच्या भिंतीचे आवरण जाड होते आणि आधार गेलेल्या जागी भिंतीला बारीक फुगवटे येतात. तपासणीत प्रथम दिसतात ते हेच लाल ठिपके.

यानंतर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. काही जागी वाहिन्या गळू लागतात, पाणी आणि चरबीयुक्त पदार्थ पडद्यात झिरपतात व पिवळसर कण साचतात. दुसरीकडे काही वाहिन्या पूर्ण बंद पडतात आणि तिथला पडदा उपाशी राहतो. केळीच्या बागेत ठिबकची नळी एका जागी फुटून चिखल होतो आणि त्याच ओळीतल्या पुढच्या खोडांना थेंबही पोचत नाही, तसा हा प्रकार आहे. गळती पीतबिंदूवर, म्हणजे बारीक वाचण्याच्या आणि चेहरे ओळखण्याच्या मध्यबिंदूवर झाली, तर तिथे सूज येते आणि नजर कमी होते. उपाशी राहिलेला पडदा व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतो, त्यामुळे नव्या वाहिन्या फुटतात. या नव्या वाहिन्या दिसायला भरपूर असल्या तरी कामाच्या नसतात; त्या फुटून डोळ्याच्या पोकळीत रक्त भरते, त्यांच्याबरोबर वाढणारी तंतुमय ऊती पडदा ओढून सोडवते, आणि त्या बुबुळाच्या कडेपर्यंत पोचल्या तर डोळ्याचा दाब वाढवून एक अवघड जातीचा काचबिंदू निर्माण करतात.

हा सारा वाहिन्यांचा भाग झाला आणि बरीच वर्षे या विकाराचे वर्णन इथेच थांबत असे. मज्जापेशींची हानी ही वाहिन्या बिघडल्यानंतरची गोष्ट मानली जाई. आता चित्र वेगळे आहे. डोळ्याच्या मागील भागावर एकही लाल ठिपका नसलेल्या मधुमेही रुग्णांतही पडद्याचा मज्जातंतूंचा थर आणि त्याखालचा गँग्लिअन या मज्जापेशींचा थर पातळ झालेला, प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी या यंत्रावर मोजता येतो, पडद्याचा विद्युत प्रतिसाद मंदावलेला आढळतो आणि लुकलुकत्या प्रकाशात वाहिन्या जितक्या रुंदावायला हव्यात तितक्या रुंदावत नाहीत. मज्जापेशी, आधारपेशी आणि वाहिन्या हे तिन्ही एकमेकांच्या बोलीवर चालतात. त्यांतील हा संवादच आधी तुटतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१७ च्या आपल्या भूमिकेत या विकाराला मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या या दोहोंचा विकार म्हटले, ते या पुराव्यामुळेच. प्रत्येक रुग्णात मज्जापेशींचीच हानी आधी होते असे मात्र समजू नये. काहींत दोन्ही बरोबरीने चालतात, काहींत वाहिन्याच पुढे असतात.

रुग्णाला याचा अनुभव कसा येतो, हे सांगणे अवघड आहे, कारण तक्त्यावरची काळी अक्षरे त्याला नीट वाचता येतात. तिन्हीसांजेला ओट्याची राखाडी पायरी आणि राखाडी अंगण यांतला फरक कळत नाही, उन्हातून घरात आल्यावर डोळे सरावायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, निळ्या आणि हिरव्यातली गडद छटा ओळखताना घोटाळा होतो. वय झाले म्हणून या तक्रारी सोडून दिल्या जातात. मोतीबिंदूमुळेही असे होऊ शकते, म्हणून स्वतः निदान करत बसू नये. परंतु तपासणीला गेल्यावर या तक्रारी आपणहून सांगाव्यात, कारण केवळ तक्ता वाचून घेणाऱ्याला त्या कळणार नाहीत.

तपासणी केव्हा

टाइप २ मधुमेहाचे, म्हणजे बहुतेक प्रौढांना होणाऱ्या मधुमेहाचे, निदान झाले त्याच सुमारास पहिली तपासणी करावी. साखर सापडण्यापूर्वी ती पुष्कळदा काही वर्षे चढीच असते, त्यामुळे काहींच्या पडद्यावर पहिल्याच दिवशी बदल दिसतात. लहान वयात होणाऱ्या टाइप १ मधुमेहात निदानापासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी पुरते. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वी किंवा पहिल्या तीन महिन्यांत पडदा तपासून घ्यावा, कारण गरोदरपणात हा विकार भराभर वाढू शकतो. केवळ गरोदरपणापुरती साखर वाढलेल्या स्त्रीला या कारणासाठी वेगळी तपासणी सहसा लागत नाही.

पडदा स्वच्छ असेल तर वर्षातून एकदा. सौम्य बदल असतील तर सहा ते बारा महिन्यांनी, मध्यम असतील तर तीन ते सहा महिन्यांनी, तीव्र असतील तर तीन महिन्यांच्या आत, आणि नव्या वाहिन्या फुटल्या असतील तर महिना उलटू न देता पडद्याच्या डॉक्टरांकडे जावे. खान्देशात पेरणी, केळीची कापणी आणि कापसाची वेचणी यांत घर गुंतलेले असते, तेव्हा वार्षिक तपासणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे ठेवली तर ती सहसा चुकत नाही. माहेरी आलेल्या लेकी-बहिणींपैकी ज्यांना शुगर आहे त्यांचीही त्याच खेपेत होऊन जाते.

येथे एक गैरसमज आवर्जून दूर करायला हवा. गावातल्या शिबिरात टॉर्च मारून मोतीबिंदू पाहिला, चष्म्याचा नंबर काढला, म्हणजे पडद्याची तपासणी झाली असे होत नाही. पडद्याची तपासणी म्हणजे थेंबांनी बाहुली मोठी करून डॉक्टरांनी संपूर्ण पडदा पाहणे, किंवा पडद्याच्या कॅमेऱ्याने फोटो काढून जाणकाराने तो वाचणे. फोटो अस्पष्ट आला तर 'काही दिसले नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा घेऊ नये. तेव्हा थेंब टाकून प्रत्यक्ष तपासणीच हवी. गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरील व्यक्तींची साखर आणि रक्तदाब तपासला जातो. पुढची पडद्याची तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा जळगाव, धुळे, नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्र विभागात होऊ शकते. महागडा उपचार निघाला, तर तो शासनाच्या कोणत्या योजनेत बसतो हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच विचारून घ्यावे, आणि शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत असू द्यावे.

तपासणीच्या दिवशी

सोबत माणूस न्यावा. थेंब टाकल्यावर बाहुली मोठी व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि नंतरचे चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते, उजेड सहन होत नाही. बाहुली लहान-मोठी करणाऱ्या मज्जातंतूंवर मधुमेहाचा परिणाम झालेला असेल तर ती सावकाश आणि कमी उघडते, म्हणून काहींना पुन्हा पुन्हा थेंब टाकावे लागतात. बाकावर शेजारच्याची बारी आधी आली म्हणून वाद घालण्याचे कारण नाही. थेंब क्षणभर चुरचुरतात. अशा अवस्थेत भुसावळच्या वैशाखातल्या उन्हात मोटारसायकल चालवत परत जाणे हा आत्मघाताचाच प्रकार आहे. काळा चष्मा, रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावर पदर-रुमाल, आणि गाडी चालवायला दुसरा कोणी, एवढी तयारी असावी. पूर्वी काचबिंदूचा अचानक झटका आला असेल तर थेंब टाकण्यापूर्वीच ते सांगावे.

सोबत नेण्याच्या कागदांत गेल्या सहा महिन्यांतील साखरेचे आणि एचबीए१सीचे (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचे) अहवाल, रक्तदाबाची नोंद, लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाचा अहवाल आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या असाव्यात. मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांची आणि पडद्याच्या वाहिन्यांची हानी पुष्कळदा बरोबरीने चालते. लघवीत अल्ब्युमिन जाऊ लागलेल्या रुग्णाचा पडदा डॉक्टर अधिक बारकाईने पाहतात. तळपायांना मुंग्या येतात किंवा चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, हेही सांगावे.

कागद कसा वाचावा

अहवालावर प्रत्येक डोळ्यासाठी वेगळी नोंद असते आणि दोन्ही डोळे सारखेच असतील असे नाही. 'एनपीडीआर' म्हणजे नव्या वाहिन्या अद्याप फुटलेल्या नाहीत. त्यापुढे सौम्य, मध्यम किंवा तीव्र असे लिहिलेले असते. तीव्र ठरवण्यासाठी डॉक्टर एक साधा नियम लावतात : पडद्याचे चार भाग कल्पून चारही भागांत भरपूर रक्तस्राव, किंवा दोन भागांत शिरांना मण्यांच्या माळेसारखे गाठाळलेले रूप, किंवा एका भागात पडद्याच्या आतच वाहिन्यांची वेडीवाकडी वाढ, यांपैकी एक आढळले तरी विकार तीव्र समजला जातो. 'पीडीआर' म्हणजे नव्या वाहिन्या फुटल्या आहेत. 'डीएमई' म्हणजे पीतबिंदूची सूज, आणि ती या सर्व पायऱ्यांवर केव्हाही येऊ शकते. म्हणून 'सौम्य' हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नये, त्याच ओळीत सुजेबद्दल काय लिहिले आहे ते पाहावे.

कधी अहवालात कापसासारख्या पांढऱ्या ठिपक्यांचा उल्लेख असतो. तिथे बारीक वाहिनी बंद पडून मज्जातंतूंतली आतली वाहतूक थांबलेली असते. वाहिन्यांचा आणि मज्जातंतूंचा विकार एकाच जागी डोळ्यांनी दिसावा असे हे ठिकाण. ठिपका काही आठवड्यांत वा महिन्यांत विरून जातो, पण तिथला मज्जातंतूंचा थर पातळ राहू शकतो.

ओसीटीच्या कागदावर पीतबिंदूची जाडी मायक्रोमीटरमध्ये असते. ती यंत्रागणिक थोडी बदलते, म्हणून एका शहरातला आकडा दुसऱ्या शहरातल्या आकड्याशी ताडून घाबरू नये किंवा हुरळूही नये. शक्य तोवर ही तपासणी त्याच यंत्रावर करावी आणि जुने कागद फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावावेत. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत : कोणत्या डोळ्यात कोणती पायरी आहे, पीतबिंदूला सूज आहे का, आणि पुढची तारीख कोणती. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'त्रास झाला तर या' असे मिळाले, तर पुन्हा विचारावे.

उपचार आणि हंगाम

पीतबिंदूची सूज मध्यापर्यंत आली असेल आणि नजर उतरली असेल, तर व्हीईजीएफला रोखणारी इंजेक्शने डोळ्यात दिली जातात. डोळ्यात सुई हे शब्द ऐकूनच अनेक जण फिरकत नाहीत. प्रत्यक्षात थेंबांनी डोळा बधिर करतात, पापण्या बाजूला धरण्यासाठी लहान तारेचा चिमटा लावतात, जंतुनाशक आयोडिनचा थेंब टाकतात आणि केसासारख्या बारीक सुईने पांढऱ्या भागातून औषध आत जाते. सुईपेक्षा आयोडिनची चुरचुर अधिक जाणवते. नंतर पांढऱ्यावर लाल डाग उमटला तर तो आपोआप जातो. मात्र पुढच्या आठवड्यात दुखणे वाढत गेले, डोळा लाल होत गेला आणि नजर कमी झाली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो व त्यात एक रात्रही घालवू नये. ही इंजेक्शने सुरुवातीला बहुधा दर महिन्याला लागतात आणि एकाने भागत नाही, हे पहिल्या दिवशीच समजून घ्यावे. या औषधांच्या किमतींत मोठा फरक असतो. स्वस्त पर्याय आपल्याला चालेल का, हे मोकळेपणाने विचारण्यात कमीपणा नाही. मध्यावर सूज असूनही नजर चांगली असेल तर डॉक्टर काही काळ नुसते लक्ष ठेवू शकतात, आणि ते टाळाटाळ म्हणून घेऊ नये.

नव्या वाहिन्या फुटलेल्या असतील तर पडद्याच्या कडेच्या भागावर लेझर केले जाते. उपाशी भागाची प्राणवायूची मागणी त्याने घटते आणि नव्या वाहिन्या सुकतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात या उपचाराने दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटला. त्याची किंमतही आहे : बाजूची आणि रात्रीची नजर थोडी कमी होऊ शकते, आणि गेलेली नजर लेझरने परत येत नाही. नव्या वाहिन्यांवर इंजेक्शनेही चालतात. परंतु इंजेक्शने घेता घेता मध्येच महिनोन्महिने खंड पडला, तर लेझर झालेल्या रुग्णापेक्षा हानी जास्त होते असे आढळले आहे. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की दर महिन्याला जळगावला येणे ज्याला जमणार नाही, त्याने ही अडचण लाजेपोटी दडवू नये. अशा रुग्णाला लेझर हाच अधिक भरवशाचा उपाय ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर तिच्या आधी पडदा पाहून घ्यावा, कारण शस्त्रक्रियेनंतर पीतबिंदूची सूज वाढू शकते.

मज्जापेशींची हानी थेट भरून काढणारे सर्वमान्य औषध आज दवाखान्यात मिळत नाही. त्यामुळे 'डोळ्याच्या नसा मजबूत करणारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्यांवर इंजेक्शनाचे पैसे खर्च करू नयेत.

साखर, रक्तदाब आणि सातपुड्यातला एक मुद्दा

साखर ताब्यात ठेवली की पडद्याचे किती रक्षण होते, याचा आकडा टाइप १ च्या रुग्णांवरील अभ्यासातून १९९३ मध्ये पुढे आला : काटेकोर नियंत्रण ठेवलेल्या गटात विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होता. टाइप २ साठी ब्रिटनमधील १९९८ चा अभ्यास रक्तदाबावर बोट ठेवतो. रक्तदाब आवरल्याने विकार पुढे सरकण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटला. म्हणून साखरेची गोळी घ्यायची आणि रक्तदाबाची 'डोकं दुखत नाही' म्हणून सोडायची, यात पडद्याचे नुकसान ठरलेले आहे. बिडी सोडावी. आहाराबद्दल इतकेच, की केळीच्या मुलुखात केळे पूर्ण बंद करण्यापेक्षा एका वेळी किती आणि कशाबरोबर हे आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. वरण-बट्टीच्या पंगतीत बट्टी मोजून आणि वरण मोकळे घेणे जमण्यासारखे आहे, आमरसाच्या वाट्यांचे मात्र तसे नाही.

बराच काळ चढी असलेली साखर इन्सुलिनने किंवा नव्या प्रभावी औषधांनी एकदम खाली आणली, तर आधीपासून बिघडलेला पडदा काही महिने आणखी बिघडू शकतो. उपचार थांबवण्याचे हे कारण नाही, कारण पुढच्या वर्षांत फायदाच होतो. असा बदल करण्यापूर्वी पडदा तपासून घेण्याचे मात्र हे कारण आहे.

नंदुरबार आणि सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे, आणि तिथे एचबीए१सी या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने हा आकडा खोटा कमी येऊ शकतो. उलट लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात तो खोटा जास्त येऊ शकतो. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना सांगावे आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर मोजून नियंत्रण ठरवावे. सिकलसेलनेही पडद्याच्या वाहिन्या बंद पडतात, त्यामुळे दोन्ही असलेल्या रुग्णाची तपासणी लांबणीवर टाकू नये.

घरी काय पाहावे आणि केव्हा धावावे

आठवड्यातून एकदा, वाचनाचा चष्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकून चौकटीच्या वहीचे पान सुमारे एक फूट अंतरावर धरावे आणि त्यावर मध्ये काढलेल्या एका ठिपक्याकडे पाहावे. मग दुसरा डोळा. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मध्ये डाग आला तर पीतबिंदूची तपासणी लवकर करावी. रेषा सरळ दिसल्या म्हणून वार्षिक तपासणी चुकवू नये.

डोळ्याच्या काळ्या भागावरील पारदर्शक पटलाचे, म्हणजे कॉर्नियाचे, मज्जातंतूही मधुमेहात क्षीण होतात. तिथली संवेदना घटली की डोळ्यात गेलेले कुसळ किंवा धसकटाचा ओरखडा दुखत नाही, जखम सावकाश भरते आणि बुरशीचा संसर्ग आत शिरतो. मळणीच्या वेळी साधा संरक्षक चष्मा लावावा. डोळा लाल झाला आणि दुखत नसला तरी दाखवावा. मेडिकलवरून सांगून आणलेले स्टेरॉइडचे थेंब अशा जखमेत घात करतात.

एके दिवशी उठल्यावर एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा पापणी खाली पडली, तर डोळा फिरवणाऱ्या मज्जातंतूचा पुरवठा अडलेला असू शकतो. मधुमेहामुळे झालेला हा त्रास बहुधा तीनेक महिन्यांत ओसरतो. परंतु त्याबरोबर जोराची डोकेदुखी असेल किंवा त्या डोळ्याची बाहुली मोठी दिसत असेल, तर मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगवटा असण्याची शक्यता असते आणि तासाभरातच मोठ्या रुग्णालयात पोचावे.

डोळ्यासमोर अचानक काळे तंतू, काजळीचा पाऊस किंवा एका बाजूने सरकत येणारी पडद्यासारखी सावली दिसली, तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जावे. रात्र असेल तर शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात नोंद करून नेत्र विभागाच्या डॉक्टरांना बोलावण्याची विनंती करावी. तोवर डोके दोन उशांवर उंच ठेवून पडावे म्हणजे रक्त खाली बसते, पोते किंवा पाण्याचा हंडा उचलू नये, आणि हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी डोळ्यात रक्त आले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये, कारण तिने पडद्याचा रक्तस्राव वाढत नसल्याचे तपासून पाहिलेले आहे आणि ती सोडल्याने हृदयाला धोका होऊ शकतो.